‘नॉर्मल’ स्कॅनचं कोडं

सकाळी दात घासताना बाबांच्या हातातून ब्रश गळून पडतो, तोंड वाकडं होतं, बोलणं अडखळतं. घरचे तासाभरात रुग्णालय गाठतात. डोक्याचा सीटी स्कॅन होतो आणि डॉक्टर म्हणतात, ‘‘स्कॅन नॉर्मल आहे.’’ मुलगा वैतागतो, ‘‘अहो डॉक्टर, सगळं नॉर्मल आहे तर बाबांना हात का उचलता येत नाही?’’

प्रश्न रास्त आहे. पण त्या घटकेला डॉक्टरांना हवा असतो तो नेमका हाच रिपोर्ट.

पक्षाघात दोन वाटांनी येतो. मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत गुठळी अडकते, नाहीतर धमनी फुटून रक्त मेंदूत सांडतं. बाहेरून पाहिलं तर दोन्ही रोगी सारखेच. उपचार मात्र एकमेकांच्या विरुद्ध. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन रक्तस्रावाच्या रोग्याला दिलं तर जिवावर बेतेल. म्हणून पहिला साधा स्कॅन मुख्यतः गुठळी शोधायला नसतोच. आत कुठे रक्त सांडलेलं नाही ना, एवढी खात्री त्यातून करून घ्यायची असते.

सीटी स्कॅन घनतेची भाषा बोलतो. पाण्याला शून्य, हवेला उणे 1000, टणक हाडाला 1000 किंवा त्याहून जास्त, असं हे माप. मेंदूचा करडा भाग 35 ते 40 च्या आसपास, तर ताजं साकळलेलं रक्त 60 ते 80. त्यामुळे रक्तस्राव पांढराशुभ्र उठून दिसतो. याउलट रक्त न मिळालेला भाग हळूहळू पाणी धरतो आणि त्याचा आकडा सुरुवातीला दोन-चार अंकांनीच उतरतो. पहिल्या काही तासांत तो फरक तज्ज्ञाच्या नजरेतूनही निसटू शकतो. दुसऱ्या दिवशी मात्र तिथे काळा डाग स्पष्ट दिसतो. पण तोवर बहुतेक खेळ आटोपलेला असतो.

हे माप ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, त्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा स्कॅन 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात झाला. चित्र होतं जेमतेम 80 बाय 80 चौकटींचं. तरी मेंदूतली गाठ त्यात दिसली.

पण रक्तवाहिन्यांचं काय? नसांतून वाहणारं रक्त आणि भोवतालचा मेंदू क्ष-किरणांना जवळपास सारखेच. रक्ताची वाट दाखवायची तर त्यात काहीतरी जड मिसळायला हवं. ही कल्पना मेंदूपर्यंत नेली पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी. हे गृहस्थ परराष्ट्रमंत्री होऊन गेलेले, संधिवाताने बोटं आखडलेली, त्यामुळे प्रत्यक्ष हत्यार चालवायचे ते त्यांचे तरुण सहकारी अल्मेदा लिमा. आधी मृतदेहांवर प्रयोग झाले. मग रोग्यांवर स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड वापरून पाहिलं. त्यात एक रोगी दगावला. अखेर 28 जून 1927 रोजी लिस्बनमध्ये एका तरुणाची मान उघडून कॅरोटिड धमनीत सोडियम आयोडाइड सोडलं आणि जिवंत माणसाच्या मेंदूतल्या धमन्यांचं जाळं प्रथमच फिल्मवर उमटलं. पीयूषिका ग्रंथीच्या गाठीने धमन्या बाजूला सारल्या होत्या, तेही दिसलं.

पुढे आयोडाइडच्या जागी थोरोट्रास्ट नावाचं द्रव्य आलं. चित्र सुरेख यायचं, रोग्याला त्रास होत नसे. फक्त त्यात थोरियम होतं. ते किरणोत्सारी, शिवाय यकृतात जाऊन बसलं की तिथून हलायचं नाही. आणि त्याचा अर्धायुष्यकाळ 1400 कोटी वर्षं. काही दशकांनी त्या रोग्यांमध्ये यकृताचे कर्करोग दिसू लागले. मोनिझ यांना 1949 साली नोबेल मिळालं, तेही या कामासाठी नव्हे. मनोरुग्णांच्या मेंदूतले धागे कापण्याच्या वादग्रस्त शस्त्रक्रियेसाठी. नोबेल समितीच्या पदरचा हा हिशेब मला कधीच पटलेला नाही.

आज मान चिरावी लागत नाही. हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त ‘डाय’ सोडतात, अंगात ऊब पसरल्यासारखं वाटतं आणि काही सेकंदांत हृदयाजवळच्या महाधमनीपासून टाळूपर्यंतचा नकाशा तयार होतो. कुठली धमनी अचानक तुटल्यासारखी थांबली आहे, ते कळतं. त्याला जोडूनच ‘परफ्युजन’ स्कॅन करता येतो. तो सांगतो, मेंदूचा कुठला भाग मेला आणि कुठला नुसताच उपाशी आहे. मोठी धमनी तुंबली की मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज आहे. पण सगळ्यांच्या मेंदूचा धीर सारखा नसतो. शेजारच्या धमन्यांची आडवाटेची रसद चांगली असेल तर तो बराच वेळ तग धरतो. अशा निवडक रोग्यांची गुठळी 24 तासांपर्यंतही जांघेतून नळी सरकवून ओढून काढणं फायद्याचं ठरतं, हे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसलं. घड्याळाइतकंच महत्त्व स्कॅनला आलं ते तेव्हापासून.

गुठळी पुष्कळदा निघते मानेतून. कॅरोटिड धमनी जिथे दुभागते तिथे चरबीचा थर साचतो. तो पाहायला ना क्ष-किरण लागतात ना डाय. सोनोग्राफीचं यंत्र पुरतं. ख्रिस्तियान डॉप्लर यांनी 1842 साली प्राग शहरात जोडताऱ्यांच्या रंगांविषयी मांडलेलं तत्त्व इथे तांबड्या पेशींना लावलं जातं. पडद्यावर लाल-निळं दिसतं, तेव्हा शाळेतला तक्ता आठवून आपण लाल ते शुद्ध रक्त, निळं ते अशुद्ध असं धरून चालतो. तसं नसतं. एक रंग यंत्राच्या दिशेने येणाऱ्या रक्ताचा, दुसरा दूर जाणाऱ्याचा, इतकंच.

बागेला पाणी घालताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार जोरात उडते. अरुंद धमनीत रक्तही तसंच धावतं. वेग सेकंदाला 125 सेंटिमीटरच्या वर गेला की निम्मी वाट बुजल्याची शंका घेतात, 230 च्या वर गेला की 70 टक्के. पक्षाघाताची चाहूल लागून गेलेल्या, 70 टक्क्यांहून जास्त अडथळा असलेल्या रोग्यांना तो थर शस्त्रक्रियेने काढल्याचा ठळक लाभ होतो, हे 1991 मधल्या उत्तर अमेरिकेतल्या चाचणीने दाखवलं. दहा मिनिटं हात बधिर झाला, मग आपोआप पूर्ववत झाला आणि चहा पिऊन माणूस कामाला लागला, तर त्याला त्याच दिवशी बोलावून मानेवर जेल लावतात ते यासाठी.