सागरतीरावरील साहसशिक्षण

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीस इतिहासाने सागरी दुर्गांची एक सलग मालिका बहाल केली आहे. थळसमोर खांदेरी व उंदेरी, अलिबागपुढे कुलाबा, कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा व कोर्लई, मुरुडजवळ पद्मदुर्ग आणि राजपुरीच्या खाडीत जंजिरा ही स्थाने शाळेच्या पुस्तकापासून प्रत्येक मराठी विद्यार्थ्याच्या परिचयाची आहेत. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी उभारण्यास प्रारंभ केला, तेव्हा इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. त्यांची जहाजे मोठी व तोफा भारी होत्या. तरीही उथळ पाण्यात सहज फिरणाऱ्या मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात बेटावर रसद पोहोचवीत राहिल्या. भरती-ओहोटी, वारा आणि खडक यांचे ज्ञान हे त्या धाडसाचे खरे बळ होते.

विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी साहसी उपक्रमांची आखणी करताना नेमका हाच भाग दुर्लक्षिला जाण्याचा संभव असतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून मुरुडला सहलीस आलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी दहाहून अधिक जण समुद्रात बुडून मृत्युमुखी पडले. अशा घटनेनंतर सहली व शिबिरे बंद करावीत, असा सूर उमटणे स्वाभाविक असते. परंतु बंदीमुळे समुद्राची ओढ नाहीशी होत नाही. शिक्षकांबरोबर न जाणारा विद्यार्थी मित्रांबरोबर जातो, आणि तेव्हा त्याच्यासोबत जाणकार असे कोणीच नसते. म्हणून साहसाला पाठबळ देणे याचा पहिला अर्थ जाणकार नेता घडविणे हाच घ्यावा लागतो.

पाण्याचे वेळापत्रक

या किनाऱ्यावर दिवसातून दोन वेळा भरती व दोन वेळा ओहोटी येते. भरतीची वेळ प्रतिदिनी सुमारे पाऊण तास पुढे सरकते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची स्थूल वेळ मिळते, हा कोकणातील जुना ठोकताळा आहे. अष्टमीस सहाच्या, दशमीस साडेसातच्या, तर पौर्णिमा-अमावास्येस अकरा-बाराच्या सुमारास पाणी पूर्ण चढते व तेथून सुमारे सहा तासांनी ओसरते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, पाणी खूप चढते आणि खूप दूर ओसरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा चढउतार बेताचा राहतो.

अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी पायी जाता येते, ही सोय या हिशेबावर अवलंबून आहे. अष्टमीच्या दिवशी भर दुपारी ओहोटी असली, तरी पाणी उधाणाइतके हटत नाही. किल्ला पाहण्याच्या नादात वेळ निघून गेली, तर परतीची वाट पाण्याखाली जाते. पन्नास विद्यार्थ्यांच्या तुकडीस ठरल्या वेळी, अर्धा किल्ला पाहावयाचा राहिला असतानाही, माघारी फिरविणे हे नेतृत्वाच्या कोणत्याही व्याख्यानाहून कठीण काम आहे. (पंचांगाचा असा उपयोग महाविद्यालयात क्वचितच शिकविला जातो, हे जाता जाता नमूद करावयास हवे.)

दुसरा धोका डोळ्यांना फसविणारा असतो. लाटांबरोबर किनाऱ्यावर चढलेले पाणी समुद्राकडे परतताना सापडेल त्या वाटेने अरुंद व वेगवान ओढ्यासारखे धावते. तेथे लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्यास तीच जागा शांत भासते. या प्रवाहात सापडलेला मनुष्य थेट किनाऱ्याकडे झगडू लागला की थकतो. किनाऱ्यास समांतर पोहत गेल्यास तो प्रवाहाबाहेर पडू शकतो. त्याच्या मदतीसाठी सोबत्यांनी पाण्यात उड्या घेणे मात्र टाळावे. दोर, तरंगणारी वस्तू फेकणे आणि तत्काळ जीवरक्षकास हाक देणे, हाच योग्य मार्ग होय.

समुद्र ही शाळा

समुद्राच्या साहाय्याने तरुण घडविण्याचा एक प्रसिद्ध प्रयोग दुसऱ्या महायुद्धात झाला. जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान व जहाज व्यावसायिक लॉरेन्स होल्ट यांनी १९४१ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावरील ॲबरडोव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ ही शाळा काढली. जहाज बुडाल्यावर जीवनौकेत धडधाकट तरुण खलाशी आधी हाय खातात आणि वयाने मोठे, मुरलेले खलाशी तग धरतात, असे होल्ट यांचे निरीक्षण होते. उणीव शरीरबळाची नव्हती, तर अनुभवाची व परस्परांवरील विश्वासाची होती. सुमारे महिनाभराच्या त्या शिक्षणक्रमाची परंपरा आज तीसहून अधिक देशांत चालू आहे.

आपल्याकडे यासाठी नव्याने यंत्रणा उभारण्याची गरज नाही. १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेत नौदल विभाग असून, वल्ही मारणे, शीड हाताळणे, गाठी बांधणे व संकेत देणे यांचे शिक्षण त्यात मिळते. छात्रांच्या शिडाच्या होड्यांतील अनेक दिवसांच्या सागरी मोहिमाही निघतात. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने हा विषय ऐच्छिक श्रेयांक अभ्यासक्रम म्हणून स्वीकारण्याविषयी विद्यापीठांना कळविले.

राष्ट्रीय सेवा योजनेचा विस्तार याहून मोठा आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांसह ती सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवा द्यावयाची असते, शिवाय सात दिवसांचे विशेष शिबिर असते. हे शिबिर किनाऱ्यावरील एखाद्या कोळीवाड्यात घेतले, तर साहस व सेवा या दोन गोष्टी वेगळ्या राहत नाहीत. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले आणि अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत घरांची छपरे व नारळी-पोफळीच्या बागा जमीनदोस्त झाल्या. दोर बांधणे, प्रथमोपचार करणे आणि घाबरलेल्या माणसांना एकत्र ठेवणे अशा वेळी उपयोगी पडते. जिल्ह्याच्या डोंगराळ भागातही हेच दिसून आले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तेथे मोटार पोहोचत नसल्याने मदत पथकांना भर पावसात पायी चढावे लागले आणि डोंगरवाटांची सवय असलेले गिर्यारोहक तरुण त्यांच्या बरोबरीने राबले. छंद म्हणून मिळविलेले कौशल्य त्या रात्री लोकांच्या कामी आले.

पाठबळ कोठे हवे

राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. जमीन, जल व हवा या तिन्ही क्षेत्रांतील उपक्रमांच्या आयोजकांनी नोंदणी करावी व सुरक्षाविषयक निकष पाळावेत, अशी त्यात तरतूद आहे. बाहेरील आयोजकाची सेवा घेणाऱ्या महाविद्यालयाने दरपत्रकाआधी ही नोंदणी पाहावी. स्वतः शिबिर घेणाऱ्या महाविद्यालयाचा खर्च प्रथम कार्यक्रम अधिकाऱ्याच्या प्रशिक्षणावर, त्यानंतर जीवरक्षक जाकिटांवर आणि उरल्यास तंबूंवर व्हावा. प्रत्यक्षात हा क्रम उलटा होण्याचा मोह पडतो, कारण तंबू छायाचित्रात दिसतात.

शिबिराचा काळ पावसाळ्यानंतरचा असावा. जून-जुलैत मासेमारीसही बंदी असते आणि कोळी बांधव होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. थळ, वरसोली, एकदरा, राजपुरी या गावांतील तांडेलांना खडक, वारा आणि पाण्याचे रंग पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने ज्ञात आहेत. त्यांना केवळ होडी भाड्याने देणारे न मानता शिक्षक म्हणून पाचारण करावे. शिबिराच्या अंदाजपत्रकात प्रवास, भोजन व निवास यांचे रकाने असतात, त्यांच्याच शेजारी तांडेलाच्या मानधनाचाही एक रकाना असावयास हवा.