घाटात तापणारे इंजिन
उन्हाळ्यात कसारा किंवा आंबेनळीसारखा घाट चढताना गाडीचे इंजिन तापते, याचे कारण असे की खालच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे वाढतात, परंतु वेग कमी असल्याने रेडिएटरच्या जाळीवर समोरचा वारा पुरेसा येत नाही आणि उष्णता बाहेर टाकण्याचा भार पंख्यावर पडतो. रेडिएटरमधील कूलंट, म्हणजे पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल यांचे गंजरोधक द्रव्ये घातलेले मिश्रण, साध्या पाण्यापेक्षा उशिरा उकळते. शिवाय झाकण आतला दाब टिकवून धरत असल्याने ते १०० अंश सेल्सिअसच्या वर गेले तरी द्रवरूपच राहते. नेमके म्हणूनच तापलेल्या गाडीचे झाकण उघडणे घातक ठरते, कारण दाब सुटताच द्रव क्षणात उकळून उघडणाऱ्याच्या हातातोंडावर उसळतो.

काटा लाल खुणेकडे सरकू लागल्यास एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा, हा जुन्या चालकांचा सल्ला विचित्र वाटला तरी शास्त्रशुद्ध आहे. हीटरची छोटी जाळी त्याच कूलंटवर चालते आणि इंजिनाची थोडी उष्णता, प्रवाशांना घाम फोडून का होईना, बाहेर काढते. तरीही काटा उतरला नाही, तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे.

कूलंट कमी झाले म्हणून रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतण्याची सवय मात्र वाईट, कारण त्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात. नाइलाजाने ते घातलेच, तर मुक्कामी पोहोचल्यावर कूलंट बदलून घ्यावे आणि मेकॅनिककडून होज व वॉटर पंप गळतो आहे का, हे तपासून घ्यावे.