व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर रिपेअरिंग: पैसे नक्की कशाचे घ्यायचे?

इलेक्ट्रॉनिक्सचा आयटीआय झालाय, सोल्डरिंगवर हात बसलाय, पण मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानांची गर्दी बघून पाय मागे येतोय, असे तुमच्यात बरेच जण असतील. त्यांच्यासाठी आज एक वेगळं काम: घरातले व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर. गिऱ्हाईक मोजकं, पण आपल्या मशीनवर जीव असलेलं.

जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असायचे ना, तेच. एकेकाळी बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स कंपनी ते बनवायची. आता नवे येतात ते मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून. यातले स्पीकरला ताकद देणारे मोठे व्हॉल्व्ह, ईएल ३४, केटी ८८ वगैरे, वापरून झिजतात आणि कधीतरी बदलावेच लागतात. म्हणजे गिऱ्हाईक परत येणार.

आता हिशेब बघा. समजा चार व्हॉल्व्हचा सेट १२,००० रुपयांचा आणि तुमची मजुरी ८०० रुपये. जुने काढले, नवे बसवले, गाणं वाजलं, गिऱ्हाईक खूश. आठ दिवसांनी तोच व्हॉल्व्ह पुन्हा गेला आणि सेट तुमच्या गळ्यात पडला, तर पंधरा कामांची मजुरी गेली! कारण बऱ्याचदा व्हॉल्व्ह आपणहून मेलेला नसतो, सर्किटने मारलेला असतो. मग बसवण्याची मजुरी कसली लावता? तपासणीची फी लावा, ती वेगळी लावा आणि आधी सांगा.

तपासणी म्हणजे काय करायचं? आधी बघा. व्हॉल्व्हच्या काचेवर आतून चंदेरी डाग असतो. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह संपला. आतली पत्र्याची प्लेट लालबुंद होत असेल तर लगेच बंद करा. गार झाल्यावर त्या व्हॉल्व्हची शेजारच्याशी अदलाबदल करा आणि पुन्हा चालू करून मिनिटभर डोळा ठेवा. लाली व्हॉल्व्हबरोबर गेली तर दोष व्हॉल्व्हचा. लाली त्याच सॉकेटवर राहिली तर दोष सर्किटचा, तिथे नवा व्हॉल्व्ह लावणं म्हणजे पैसे जाळणं. अशा वेळी पहिला संशय कपलिंग कपॅसिटरवर घ्या. तो लीक झाला की ग्रिडवर नको ते प्लस व्होल्टेज येतं आणि व्हॉल्व्हमधून बेसुमार करंट वाहतो. स्क्रीन ग्रिडचा रेझिस्टर जळलाय का, सॉकेट काळं पडलंय का, तेही बघून घ्या.

एक गोष्ट मात्र मस्करीत घेऊ नका. आत ४०० ते ५०० व्होल्ट डीसी असतात, आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये ते टिकून राहू शकतात. रेझिस्टर लावून कपॅसिटर रिकामा करा, मीटरने खात्री करा, मगच हात घाला. हे काम आधी जाणकाराच्या शेजारी बसूनच शिका. आणि स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प्लिफायर कधीच वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. तो व्हॉल्व्हपेक्षा महाग आणि मिळायला अवघड.

नवे व्हॉल्व्ह जुळवलेल्या जोडीत घ्या. एकच गेला म्हणून एकच बदलू नका. बायस ॲडजस्ट करायची सोय असेल तर आधी करंट सर्वात कमी ठेवा, मग हळूहळू वाढवा. उदाहरण सांगतो: ईएल ३४ च्या प्लेटची मर्यादा २५ वॅट. शांत असताना त्याच्या ७० टक्के, म्हणजे साडेसतरा वॅट, ही वरची हद्द समजा. प्लेटवर ४०० व्होल्ट असतील तर करंट आला सुमारे ४४ मिलिॲम्पिअर. कॅथोडला एक ओहमचा रेझिस्टर असेल तर मीटरवर थेट ४४ मिलिव्होल्ट दिसतील. कंपनीचं मॅन्युअल वेगळा आकडा सांगत असेल तर मॅन्युअलच ऐका. सेट करून लगेच पेटीचं झाकण लावू नका. पंधरा-वीस मिनिटं तापू द्या, पुन्हा मोजा. आपल्याकडे मेन्स व्होल्टेज वरखाली होतं, तेव्हा त्या वेळचा आकडाही लिहून ठेवा.

हे सगळे आकडे एका कार्डावर लिहून गिऱ्हाईकाला द्या. जुने व्हॉल्व्हही परत द्या. आणि व्हॉल्व्हचा स्टॉक भरून भांडवल अडकवू नका. फ्यूज, रेझिस्टर, कपॅसिटर दुकानात असू द्या, लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत ते मिळतात. व्हॉल्व्ह मात्र पूर्ण ॲडव्हान्स घेऊनच मागवा.

जाता जाता, कधी कुणी घाबरून येईल, ‘दादा, काचेवर निळा उजेड दिसतोय!’ काचेच्या आतल्या बाजूने तसा निळा उजेड चांगल्या व्हॉल्व्हमध्येही दिसतो. अशा वेळी रीडिंग घ्या, तपासणीची फी घ्या आणि व्हॉल्व्ह न विकता त्यांना घरी पाठवा.