मालदीवचा पूल, सुकूक आणि डॉलरचा हिशोब

मालदीव म्हटलं की आपल्याला निळं पाणी आणि महागडे रिसॉर्ट आठवतात. पण सुमारे पाच लाख लोकवस्तीच्या या छोट्या मुस्लिम देशाचा संसार सोपा नाही. जवळपास १२०० बेटं, त्यातल्या दोनशेहून कमी बेटांवर वस्ती. प्रत्येक बेटाला धक्का, वीज, दवाखाना आणि पिण्याचं पाणी वेगळं हवं. डिसेंबर २०१४ मध्ये राजधानी मालेतल्या पाणी गोडं करण्याच्या केंद्रात आग लागली, तेव्हा भारताने विमानं आणि जहाजांनी पाणी पाठवलं होतं.

मग या सोयींसाठी पैसा येतो कुठून? मुख्य वाटा तीन.

पहिली वाट अनुदानाची. हे पैसे परत करायचे नसतात. दुसरी, दुसऱ्या देशाचं सवलतीचं कर्ज. बहुतेक वेळा दोन्ही एकत्र येतात. माले आणि विमानतळाचं बेट जोडणारा पूल २०१८ मध्ये सुरू झाला, तो चीनचं अनुदान आणि कर्ज यांतून. माले ते थिलाफुशी या ६.७४ किलोमीटरच्या पुलासाठी भारताने १० कोटी डॉलर अनुदान आणि ४० कोटी डॉलर कर्ज देऊ केलं. त्याचं कंत्राट मुंबईच्या अ‍ॅफकॉन्स कंपनीकडे आहे.

तिसरी वाट बाजाराची. २०२१ मध्ये मालदीवने सुकूक काढून ५० कोटी डॉलर उभे केले. सुकूकमध्ये गुंतवणूकदाराला व्याज नाही, तर ठरलेल्या मालमत्तेशी किंवा व्यवहाराशी जोडलेला नफा मिळतो. इथे तो वर्षाला ९.८७५ टक्के होता आणि मुदत एप्रिल २०२६ ची. म्हणजे दरवर्षी जवळपास ५ कोटी डॉलर नुसता नफाच द्यायचा. शिवाय या रकमेतला काही भाग नवीन बांधकामाला नाही, जुने रोखे परत घेण्यासाठी गेला.

खरी अडचण इथेच आहे. पुलावरून बस धावते, तिचं भाडं रुफियात मिळतं. फेड मात्र डॉलरमध्ये. डॉलर येतो मुख्यतः पर्यटकांकडून, आणि २०२० मध्ये कोरोनामुळे देशाच्या सीमाच काही महिने बंद होत्या. अन्नधान्य, इंधनही बाहेरूनच आणायचं, त्यालाही डॉलरच लागतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये फिच या संस्थेने मालदीवचं पतमानांकन घटवलं. सुकूक बुडतो की काय, अशी चर्चा जगभर सुरू झाली. ऑक्टोबरमध्ये मालदीवने ठरलेला हप्ता भरला. त्याच महिन्यात भारताने ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांपर्यंतच्या चलन अदलाबदलीची सोय दिली.

आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांचा खर्च आखातातून येणाऱ्या पैशावर चालतो. नोकरी गेली की घराचा हप्ता कसा अंगावर येतो, हे त्यांना वेगळं सांगायला नको. मालदीवचं दुखणं तेच आहे, फक्त आकडा मोठा.

आम्हाला यातून एक गोष्ट महत्त्वाची वाटते. सुकूकमुळे व्याज टळतं, जबाबदारी टळत नाही. कुरआनमधली सर्वांत मोठी आयत (अल-बकरा, २८२) उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. तेव्हा कर्ज देशाचं असो वा घरचं, सही करण्याआधी एवढं विचारा: फेडायचा पैसा कुठून येणार, आणि ती आवक थांबली तर काय?