मीठ खात्यातला साहेब आणि त्याच्या नावाचा डास

थंडी वाजून ताप आलेल्या रुग्णाला आम्ही डॉक्टर हमखास विचारतो, ‘‘गेल्या महिन्यात कुठे राहायला होता? रात्री कुठे झोपायचा?’’ काहींना ही नसती चौकशी वाटते. पण हेच प्रश्न घेऊन १९०२ मध्ये एक अधिकारी गोव्याच्या सीमेवरच्या जकात नाक्यांच्या कामाला लागला होता. तो डॉक्टर नव्हता; जकात आणि मीठ खात्यात नोकरीला होता.

एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचा जन्म १८५१ मध्ये साताऱ्यात झाला. वडील मिशनरी, शिक्षण मुंबई-पुण्याचे. काही वर्षे डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवून १८७६ मध्ये ते सरकारी नोकरीत शिरले. खाराघोडा, उरण, कारवार, रत्नागिरी अशा बदल्या होत राहिल्या. आपले मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते. आडगावी बदली झाली की माणूस कंटाळतो. एटकेन यांना मात्र किड्यांचा नाद होता. उत्तर कानडा जिल्ह्यात सहकाऱ्यांसोबत अळ्या पाळून, कोणते फुलपाखरू कोणत्या झाडावर वाढते याची त्यांनी नोंद केली.

१८८३ मध्ये त्यांचे लग्न झाले. पुढे दोन मुलगे आणि तीन मुली असा संसार वाढला. त्याच वर्षी बंगल्याभोवतालच्या उंदीर, मुंग्या, डास यांच्यावरचे त्यांचे खुसखुशीत पुस्तक निघाले. ‘एहा’ ही आद्याक्षरे वाचकांच्या ओळखीची झाली. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटीही त्याच वर्षीची. तिच्या आठ संस्थापकांत एटकेन यांच्यासोबत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते.

मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो, हे रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबादेत दिसले. त्यानंतर पाचच वर्षांनी एटकेन यांच्यावर काम आले: नाक्यांवर मलेरिया किती आहे ते पाहायचे आणि शिपायांना ॲनोफिलीस डासांपासून दूर कसे हलवता येईल ते सुचवायचे. या कामात त्यांना एक नवाच डास सापडला. जेम्स या डॉक्टरांनी १९०३ मध्ये त्याचे नाव ठेवले ‘ॲनोफिलीस एटकेनाय’.

गंमत अशी, की जंगलातल्या सावलीच्या ओढ्यांत वाढणारा हा डास आपल्याकडे मलेरिया पसरवणारा मानला जात नाही. म्हणजे ॲनोफिलीस दिसला की मलेरिया आलाच, असे नाही. कोणता डास, तो कुठल्या पाण्यात वाढतो आणि माणूस त्याच्या किती जवळ झोपतो, यावर सारे ठरते. डोंगराकडे स्वच्छ, वाहत्या झऱ्यांत वाढणारा ‘फ्लुविआटिलिस’ घातक; शहरात विहिरी, गच्चीवरच्या टाक्या आणि बांधकामावरचे साठलेले पाणी यांत वाढणारा ‘स्टीफेन्साय’ घातक. त्यामुळे गटारावर धूर मारला की काम झाले, हा समज चुकीचा आहे.

गोव्याच्या त्याच सीमेला लागून असलेल्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडताप आला. तो डासामुळे नव्हे, गोचिडीमुळे होतो. तिथेही आधी विचारावे लागते, ‘‘काजूच्या बागेत, रानात गेला होता का?’’

म्हणून ताप आल्यावर रक्त तपासून घ्याच. पण कुठे राहिलात, कुठे फिरलात हेही डॉक्टरांना न विचारता सांगा. मलेरिया निघाला तर ताप उतरल्यावरही गोळ्या पूर्ण घ्या. टाक्यांची झाकणे घट्ट बसवा आणि आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून घासा, कारण अंड्यापासून डास व्हायला साधारण तेवढेच दिवस लागतात.