प्रोजेक्टर निवडताना : खोक्यावरचा ‘ल्युमेन’ आणि पडद्यावरचा उजेड

दुकानातील अंधाऱ्या दालनात झळाळून दिसलेले चित्र घरच्या दिवाणखान्यात आल्यावर फिकट पडते. गृहसंकुलाच्या प्रांगणात क्रिकेटचा सामना दाखवताना किंवा विवाह सभागृहात चित्रफीत लावताना अनेकांच्या वाट्याला हाच अनुभव येतो. दोष बहुधा यंत्रातील बिघाडाचा नसतो. जागेला किती प्रकाश लागेल, याचा हिशेब खरेदीपूर्वी झालेला नसतो.

प्रोजेक्टरमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश ‘ल्युमेन’ या एककात मोजतात. मात्र खोक्यावर छापलेला प्रत्येक ल्युमेन सारखा नसतो. ‘आन्सी’ किंवा ‘आयएसओ २१११८’ या पद्धतीत प्रकाशित चित्राचे ९ समान भाग करून प्रत्येक ठिकाणचा प्रकाश मोजला जातो आणि त्यांच्या सरासरीला चित्राच्या क्षेत्रफळाने गुणले जाते. हा आकडा प्रत्यक्ष पडद्यावर पोहोचणाऱ्या प्रकाशाचा असतो. याउलट नुसते ‘ल्युमेन’ किंवा ‘एलईडी ल्युमेन’ असे लिहिलेला आकडा अनेकदा आतील दिव्याचा असतो. भिंग आणि पटल यांतून जाताना त्यातील मोठा हिस्सा वाया जातो.

हा दावा तपासण्याचा सोपा मार्ग म्हणजे विजेचा वापर पाहणे. चांगला लेझर प्रोजेक्टरही प्रत्येक वॉटमागे साधारण १५ ते २० ल्युमेन प्रकाश पडद्यावर टाकतो. त्यामुळे ६० वॉट वीज घेणारे छोटे यंत्र ९,००० ल्युमेन देत असल्याचे सांगितले जात असेल, तर तो दावा पडद्यावरच्या प्रकाशाबाबत खरा असू शकत नाही.

यानंतर पडद्याचा आकार. १०० इंची, १६:९ प्रमाणातील पडदा सुमारे २.२ मीटर रुंद आणि १.२५ मीटर उंच असतो. क्षेत्रफळ भरते पावणेतीन चौरस मीटर. संपूर्ण अंधार असेल तर एवढ्या साध्या पांढऱ्या पडद्यावर चित्रपटगृहासारखा उजेड मिळण्यास ४०० ते ५०० ल्युमेन पुरतात. मात्र दिवा जुना होत जातो आणि अचूक रंग दाखवणाऱ्या मोडमध्ये प्रकाश कमी होतो. म्हणून अंधाऱ्या खोलीसाठीही १,००० ते १,५०० आन्सी ल्युमेनचे यंत्र घेणे व्यवहार्य ठरते.

खोलीत दिवे सुरू असले की हिशेब बदलतो. प्रोजेक्टर पडद्यावर काळा रंग टाकू शकत नाही; जिथे प्रकाश नाही तिथे काळे दिसते, एवढेच. पडद्यावर खोलीतील दिव्यांचा २०० लक्स उजेड पडत असेल, तर चित्रातील काळा भाग त्याहून काळा होणे शक्य नाही. २,५०० ल्युमेनचे यंत्र १०० इंची पडद्यावर सुमारे ९०० लक्स प्रकाश टाकते. म्हणजे पांढरा भाग १,१०० लक्स आणि काळा २०० लक्स. तफावत अवघी साडेपाच पट. पाठ्य मजकूर यात वाचता येतो, पण रात्रीच्या प्रसंगांचा चित्रपट धूसर दिसतो. अधिक महाग यंत्र घेण्यापूर्वी जाड पडदे लावून पाहणे म्हणूनच स्वस्त पडते.

सभागृहात क्षेत्रफळाचा नियम अधिक कठोर होतो. पडद्याचा कर्ण दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होते. २०० इंची पडद्यावर तेच ९०० लक्स हवे असतील, तर १०,००० ल्युमेन लागतात. खुल्या मैदानातील कार्यक्रम सूर्यास्तानंतर ठेवणेच हिताचे. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स उजेड असतो आणि त्यापुढे कोणताही प्रोजेक्टर टिकत नाही. तेथे एलईडी वॉल हाच पर्याय उरतो.

जागेची लांबीही मोजावी लागते. ‘थ्रो रेशो’ १.५ असलेले यंत्र २.२ मीटर रुंद चित्रासाठी ३.३ मीटर अंतरावर ठेवावे लागते. यंत्र तिरपे ठेवून ‘कीस्टोन’ने चित्र सरळ केल्यास पटलाचा काही भाग वापराविना राहतो आणि प्रकाश घटतो. एक चिप असलेल्या काही डीएलपी यंत्रांत पांढरा रंग प्रखर, पण इतर रंग मंद दिसतात. त्यामुळे रंगीत प्रकाशाचा आकडा वेगळा विचारावा. ‘फोर-के सपोर्ट’ म्हणजे यंत्र तो संकेत स्वीकारते, एवढाच अर्थ असू शकतो. मूळ रिझोल्यूशन पाहावे.

पारंपरिक दिवा काही हजार तासांनी बदलावा लागतो, तर लेझरचा प्रकाश निम्म्यावर येण्यास साधारण २०,००० तास लागतात. रोज वापर असलेल्या सभागृहाला लेझरची जादा किंमत परवडते. महिन्यातून दोन चित्रपट पाहणाऱ्या कुटुंबाला ती परवडेलच असे नाही.

खरेदीपूर्वी यंत्र दिवे लावलेल्या खोलीत, आवश्यक तेवढ्या मोठ्या पडद्यावर चालवून पाहावे आणि आन्सी किंवा आयएसओ ल्युमेनचा आकडा बिलावर लिहून घ्यावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रारीच्या वेळी बिलावरचा तोच आकडा पुरावा म्हणून कामी येतो.