बंब केवढा घ्यावा?

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातल्या बंबाची खरी परीक्षा असते. तांब्याच्या जुन्या बंबाला ती जड जात नसे. वरून गार पाणी ओतावे, खाली चार ढलप्या सरकवाव्या, की झाले! विजेच्या बंबाचे, म्हणजे गीझरचे, पोट मात्र ठरलेले. म्हणून तो घेताना थोडे गणित करावे.

१५ लिटरांच्या टाकीतले पाणी ६० अंशांवर आणि नळाचे २५ अंशांवर असेल, तर दोन्ही मिसळून स्नानाजोगे, ४० अंशांचे, ३५ लिटर पाणी होते. म्हणजे दोन बादल्या. थंडीत नळाचे पाणी १८ अंशांवर उतरले, की त्याच ३५ लिटरांचे २८ होतात. टाकी पुन्हा तापायला २००० वॉटच्या गीझरला वीसेक मिनिटे हवीत. २५ लिटरांच्या टाकीला अर्ध्या तासाहून थोडे अधिक.

तेव्हा घरातली माणसे मोजू नयेत, लागोपाठच्या बादल्या मोजाव्या. दोघांमागे वीस मिनिटांची उसंत असेल, तर चौघांना १५ लिटर पुरतात. शाळा-कचेरीची एकच घाई असेल, तर २५ घ्यावा. मात्र दिवाळीच्या एका पहाटेसाठी वर्षभर मोठी टाकी पोसू नये. त्या दिवशी शेगडीवर एक पातेले चढवावे.

आणि एक. सर्वांचे डबे भरून शेवटी स्नानाला जाते ती बहुधा गृहिणी. हिशेबात तिची बादली आधी धरावी.